राउटर बदलण्यापूर्वी अडॅप्टर तपासा

आज दुकानाचे बिल, कार्डाचे मशीन आणि मालाची ऑर्डर एका लहानशा राउटरवर चालते. तो बंद पडला की गिऱ्हाईक परत जाते. आमचा राउटर रोज संध्याकाळी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. आम्ही नवा आणायला निघालो होतो, पण दोष निघाला अडॅप्टरचा. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी पुढील तपासणी क्रमाने करावी.

१) दिवे पाहा. पॉवरच्या दिव्यासकट सर्व दिवे विझत असतील तर वीज, पिन किंवा अडॅप्टरवर संशय घ्यावा. फायबरच्या यंत्रावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला तर दोष बहुधा लाइनचा असतो. कंपनीला कळवावे.

२) अडॅप्टर बदलून पाहा. आतला कपॅसिटर कमजोर झाला की मोकळ्या अडॅप्टरवर मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटर जोडताच दाब घसरतो. दुसरा लावताना व्होल्ट व पिनचे धन-ऋण तेच हवे. अँपिअर तितके किंवा अधिक चालतील.

३) उष्णता तपासा. दिवे चालू असून नेट अडते आणि यंत्र थंड झाल्यावर चालते काय? मग त्याला खणातून बाहेर काढा, धूळ झाडा.

एका वेळी एकच वस्तू बदला आणि बंद पडल्याची वेळ वहीत लिहा. रीसेट शेवटी करा, कारण त्याने सर्व सेटिंग पुसली जाते. एवढे करूनही यंत्र बंद पडत असेल, तरच नव्यावर पैसा घाला.