यात्रेतील निवासस्थानी अग्निसूचक यंत्रणा कशी ओळखावी

तेरेखोल नदीच्या काठी वसलेल्या आरोंदा गावी येणारा भाविक एका प्रवासात अनेक छपरांखाली विसावतो. रेल्वेने मडुरे वा सावंतवाडी रोड स्थानकावर उतरणारा, मोपा येथील विमानतळावरून किरणपाणीच्या पुलावरून येणारा, कुणी आदल्या रात्री गोव्यातील लॉजवर, तर कुणी वाटेतील भक्तनिवासात मुक्काम करणारा. या प्रत्येक वास्तूत रात्री आग लागल्यास निद्रिस्त मनुष्यास कोण जागे करणार, हा प्रश्न मुक्कामाच्या पहिल्या पाच मिनिटांत विचारावयाचा आहे.

निद्रिस्त मनुष्य धुराच्या वासाने जागा होईलच, अशी खात्री बाळगू नये. आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांचा मृत्यू ज्वाळांनी नव्हे, तर विषारी धुराने होतो. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री उत्तर गोव्यातील हडफडे येथे एका नाइट क्लबला आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुसंख्य गुदमरून दगावले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १० बालके गेली. आग विझविण्याचे साधन पुढचे. आधी ती लागली हे कळणे आवश्यक असते.

यंत्रणा ओळखणे कठीण नाही. खोलीत शिरताच छताकडे पाहावे. पांढऱ्या प्लॅस्टिकची, उपड्या वाटीएवढी, कडेला बारीक फटी असलेली चकती दिसली तर तो धूरशोधक होय. त्याच्या पोटात एक सूक्ष्म प्रकाशकिरण असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि सूचना जाते. बहुतेक धूरशोधकांवरील लाल ठिपका ठरावीक वेळाने लुकलुकतो, हे तो जिवंत असल्याचे चिन्ह. काही लॉजमध्ये खोलीच्या दाराबाहेर वरच्या बाजूस लाल दिव्याची छोटी पट्टी असते. बंद खोलीतील धूरशोधकाने धूर टिपल्यास हा दिवा पेटतो आणि नेमके कोणते दार ठोठवावे हे कर्मचाऱ्यास समजते.

छतावरची दुसरी वस्तू म्हणजे स्प्रिंकलर. पाण्याच्या नळीतून खाली आलेले पितळी वा चकचकीत तोंड आणि त्यात द्रवाने भरलेली काचेची बारीक कुपी. लाल द्रवाची कुपी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटते. नदीस्नान करून आलेली काही मंडळी ओले धोतर याच तोंडाला टांगतात! कुपी फुटली तर धोतरच काय, अंथरूण-पांघरूणही भिजेल.

जिन्याजवळ किंवा बाहेर पडण्याच्या दारापाशी, छातीच्या उंचीवर, भिंतीवर लाल चौकोनी पेटी असते. तिची काच दाबली वा फोडली की संपूर्ण इमारतीत हूटर वाजतो. ही पेटी सापडली म्हणजे बहुधा बाहेरची वाटही सापडली. स्वागतकक्षात किंवा पहारेकऱ्याच्या खोलीत असणारे पॅनेल हे यंत्रणेचे मुख्य ठाणे. त्यावर हिरवा दिवा असला तर वीजपुरवठा चालू आहे. पिवळा दिवा बिघाडाचा. पिवळा दिवा पेटलेला दिसल्यास व्यवस्थापकास नम्रपणे विचारावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

यंत्रणा असणे आणि ती चालू असणे यांत मोठे अंतर आहे. किनारपट्टीची खारी दमट हवा, धूळ, मुंग्या व कोळी यांमुळे धूरशोधक विनाकारण वाजू लागतो. मग कंटाळलेला कर्मचारी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो किंवा पॅनेलच बंद करतो. कित्येकदा रंगकामावेळी घातलेले झाकण तसेच राहून जाते. असा झाकलेला धूरशोधक नसल्यापेक्षा वाईट, कारण तो खोटा भरवसा देतो.

देवालयांची अडचण निराळी आहे. समई, धूप, कापूर यांचा धूर हा पूजेचाच भाग असल्याने गर्भगृहाजवळ धूरशोधक टिकत नाही. तेथे, तसेच महाप्रसादाच्या स्वयंपाकघरात, धुराऐवजी तापमान टिपणारा उष्णताशोधक योग्य ठरतो. कौलारू छप्पर व लाकडी तुळया असलेल्या उंच सभामंडपात एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर किरण टाकणारी योजना करता येते. जत्रेतील तात्पुरत्या मांडवांत व दुकानांत मात्र यांपैकी काहीच नसते. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवी येथे चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या आणि जवळजवळ तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. अशा गर्दीत माणसाचे डोळे, ध्वनिक्षेपक आणि मोकळी ठेवलेली वाट हीच सूचक यंत्रणा.

रेल्वेच्या अनेक वातानुकूलित डब्यांतही धूरशोधक बसविलेले आहेत. त्यामुळे शौचालयात ओढलेली विडी गाडी थांबवू शकते. स्टोव्ह, गॅस किंवा फटाके घेऊन प्रवास केल्यास रेल्वे कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये प्रमाणपत्र सादर करावे लागते. दानशूर मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे. भक्तनिवासास यंत्रणा अर्पण करणारे दाते मिळतात, त्यांच्या नावाचा संगमरवरी फलकही लागतो. पण दोन-चार वर्षांनी पॅनेलची बॅटरी बदलण्यास कुणी पुढे येत नाही. पावसाळ्यात वीज गेली की सारी भिस्त त्याच बॅटरीवर असते. देणगी देताना वार्षिक देखभालीचा खर्च त्यात धरावा.

हूटर वाजल्यास सामान गोळा करीत बसू नये. धूर वर साचतो म्हणून वाकून, भिंतीच्या आधाराने बाहेर पडावे. लिफ्ट वापरू नये. वृद्धांस व बालकांस आधी उठवावे. बाहेर आल्यावर ११२ किंवा १०१ या क्रमांकावर गावाचे व इमारतीचे नाव स्पष्ट सांगावे. खेडेगावी बंब शहरातून यावयाचा असतो, त्यास वेळ लागतो. म्हणून रस्त्याच्या फाट्यावर वाट दाखविण्यास एक माणूस उभा करावा.