मिरची आणि चॉकलेट : मेक्सिकोचा ‘मोले’ घरच्या स्वयंपाकघरात

चॉकलेट ज्यापासून तयार होते ती कोकोची बी एके काळी मेक्सिकोत चलन म्हणून वापरात होती. १५४५ मधील त्लास्काला येथील एका दरपत्रकानुसार टर्कीच्या चांगल्या मादीची किंमत होती १०० भरदार बिया. बिया सुरकुतलेल्या असल्यास १२०. एका मोठ्या टोमॅटोस एक बी पडे. रिकाम्या टरफलांत माती भरून बनावट बियाही खपविल्या जात, हे वाचून आमच्या रोखपाल बंधू-भगिनींस आपुलकी वाटावी!

टर्की, टोमॅटो, मिरची आणि कोको हे सारे ज्यात एकत्र येते तो पदार्थ म्हणजे प्वेब्ला शहराचा ‘मोले पोब्लानो’. नावात ‘मोल’ ऐकू आले तरी मूळ शब्द नावाट्ल भाषेतील ‘मोल्ली’, अर्थात दाट रस्सा. सांता रोसा मठातील जोगिणींनी तो प्रथम केला, अशी आख्यायिका आहे. तीळ, लवंग, दालचिनी हे जिन्नस मात्र स्पॅनिश लोकांबरोबर समुद्रापलीकडून तेथे गेले. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, तशीच ही देवघेव.

मोले म्हणजे गोड चॉकलेट सॉस, हा समज प्रथम दूर करावा. चॉकलेट यात मसाल्यापुरतेच असते. खरा जीव मिरचीत. तेथे आंचो, मुलातो व पासिया या वाळविलेल्या मिरच्या घेतात. त्या रंगाने गडद, पण तिखटपणाने सौम्य असतात. आपल्याकडे त्यांच्या जवळ जाणारी म्हणजे ब्याडगी. तिचे साल पातळ असल्याने आंचोचा मनुकांसारखा गोडवा तिच्यात नाही. ती उणीव मनुका भरून काढतात.

चार जणांसाठी २० ब्याडगी मिरच्या, २ मोठे चमचे तीळ, १५ बदाम, २ मोठे चमचे मनुका, २ टोमॅटो, अर्धा कांदा, ४ लसूणपाकळ्या, २ लवंगा, ४ मिरे, दालचिनीचा इंचभर तुकडा, शिळ्या पावाचा एक काप, ३० ग्रॅम बिनसाखरेचे चॉकलेट आणि साधारण ३ कप कोंबडीचे अथवा भाज्यांचे पाणी घ्यावे.

मिरच्यांचे देठ व बिया काढून त्या कोमट तेलात क्षणभरच परताव्यात. सुवास सुटताच बाहेर काढाव्यात. पहिल्या खेपेस मी फोन घेण्यासाठी वळलो तेवढ्यात मिरच्या काळ्या पडल्या, आणि तो कडूपणा पुढे ना गुळाने गेला, ना चॉकलेटने. असे झाल्यास मिरच्या टाकून नव्याने सुरुवात करावी. त्यात काटकसर नको. परतलेल्या मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. त्याच तेलात बदाम, मनुका व पाव तळून घ्यावेत. तीळ व खडा मसाला कोरडाच भाजावा. टोमॅटो, कांदा व लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत.

मिरच्या वेगळ्या वाटून गाळून घ्याव्यात, बाकीचे वाटण निराळे. तीन चमचे तेलात आधी मिरचीचे वाटण दहा मिनिटे परतावे. रंग गडद होऊन तेल सुटू लागले की दुसरे वाटण व पाणी घालावे. येथून पुढे आच मंद आणि हात सतत ढवळता हवा, कारण तीळ-पावामुळे रस्सा तळाशी लागतो. पाऊण तासाने चॉकलेट, मीठ व चमचाभर गूळ घालावा. रस्सा पळीच्या पाठीवर दाट बसला पाहिजे. चॉकलेटची चव वेगळी ओळखू आली, तर ते जास्त झाले असे समजावे.

प्वेब्लात मोले टर्कीच्या मांसावर वाढून वरून भाजलेले तीळ भुरभुरतात. आपण कोंबडी घ्यावी. शाकाहारी मंडळींनी भाजलेली वांगी. भाकरीशीही तो उत्तम लागतो, आणि दुसऱ्या दिवशी अधिकच मुरतो. म्हणून रविवारी पाहुणे यायचे असतील, तर शनिवारी सायंकाळीच करून ठेवावा.