हवामानशास्त्र शिकायला किती पैसे लागतात?

आधी आकडा सांगतो, फोड मागाहून. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या, बाहेरगावच्या मुलाने किंवा मुलीने पुण्यात राहून हवामानशास्त्रात पदव्युत्तर पदवी घ्यायची ठरवली, तर दोन वर्षांचा सगळा खर्च साडेचार ते पाच लाखांत बसवता येतो. घर पुण्यातच असेल तर तो दीड लाखाच्या आसपास येतो. इंग्लंडमध्ये हे शिक्षण एका वर्षात उरकतं, पण ते एक वर्ष पन्नास लाखांच्या घरात जातं. उलट गेट परीक्षा देऊन एखाद्या आयआयटीत एम.टेक.ला गेलात, तर महिन्याला १२,४०० रुपये तुमच्याच खात्यात जमा होतात. एकाच विषयात एवढी तफावत असल्यामुळे कुठे, केव्हा आणि कुणाच्या पैशाने शिकायचं, हे नीट ठरवायला हवं.

बारावीनंतर लगेच थैली सोडू नका

पालकांची पहिली शोधाशोध असते ती ‘बी.एस्सी. मिटिऑरॉलॉजी’ कुठे मिळेल याची. आपल्याकडे हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. पदवीला भौतिकशास्त्र-गणित केलेली मुलं पुढे इकडे वळतात. त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं आपल्या जिल्ह्याच्या गावी अनुदानित कॉलेजात काढली तरी काही बिघडत नाही. मात्र एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असू शकतात आणि त्यांच्या फीमध्ये मोठं अंतर असतं. प्रवेश कोणत्या तुकडीत मिळतोय, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

बिघडतं ते गणित सोडल्यावर. अकरावीत ‘जड जातं’ म्हणून गणिताऐवजी दुसरा विषय घेणारी मुलं या वाटेवरचं पहिलं दार स्वतःच लावून घेतात. भारतीय हवामान विभागाच्या वैज्ञानिक साहाय्यक पदासाठी कर्मचारी निवड आयोगाने २०२२ मध्ये ९९० जागांची जाहिरात काढली होती. अर्जाची फी शंभर रुपये, महिलांना तीही माफ. अट अशी की बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही असावेत आणि भौतिकशास्त्रासह विज्ञानाची पदवी, किंवा संगणकाची पदवी, किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका प्रथम वर्गात असावी. हवामानशास्त्राची पदवी मागितलीच नव्हती. निवड झालेल्यांना विभाग स्वतः शिकवतो, आणि पगार देऊन शिकवतो. त्यासाठीची प्रशिक्षण संस्था पुण्यात पाषाणला आहे. हवाई दलाच्या हवामान शाखेतही वेगवेगळ्या विषयांचे पदव्युत्तर चालतात, पण पदवीला गणित आणि भौतिकशास्त्र असावंच लागतं.

एवढं गणित लागतं कशाला? वर्गातलं एक साधं काम पाहा. विद्यार्थ्याच्या पुढ्यात टेफिग्रामचा कागद येतो. आडव्या, तिरक्या, वाकड्या रेषांची दाट जाळी असते ती. पहाटे साडेपाचच्या फेरीत सोडलेल्या फुग्याने वर जाता जाता धाडलेले आकडे शेजारी ठेवायचे आणि हवेच्या दाबाच्या एकेका पातळीवर तापमानाचा एक ठिपका, दवबिंदूचा एक ठिपका पेन्सिलीने द्यायचा. ठिपके जोडले की दोन रेषा उमटतात. मग जमिनीलगतची हवा उचलून वर नेली तर ती कुठे गार होऊन ढग धरील आणि तिथून पुढे आपल्या बळावर कुठवर चढेल, त्याची तिसरी रेषा काढायची. तिसरी रेषा तापमानाच्या रेषेच्या उजवीकडे गेली की मधल्या जागेचं क्षेत्रफळ म्हणजे वळवाच्या गडगडाटी ढगाला मिळू शकणारी ऊर्जा. क्षेत्रफळ आलं की इंटिग्रेशन आलं. पुढच्या सत्रांत तर वाऱ्याची समीकरणंच सोडवायची असतात. ज्याला हे नकोसं वाटतं त्याने दोन वर्षांची फी वाचवावी. ढग बघायला आवडणं आणि हा विषय आवडणं यांत फरक आहे.

पुण्यातला हिशेब

मराठी मुलांचं एक भाग्य असं की या विषयाचं माहेर पुण्यात आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. दिल्लीला मुख्यालय पुढे गेलं, पण शिवाजीनगरला जिथे ते होतं त्या चौकाला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १९६२ पासूनची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम, पाषाणला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून शहर बसच्या टप्प्यात.

आता खर्च. विद्यापीठाच्या विभागातली फी हजारांत मोजायची, लाखांत नाही; खरा पैसा जातो तो राहण्या-खाण्यावर. विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर सुंठीवाचून खोकला गेला, पण जागा मोजक्या असतात आणि पहिल्या वर्षी नंबर लागेलच याची खात्री धरू नये. औंध, पाषाण, खडकी या भागांत दोघांत एक खोली, मेसचा डबा, बसचा पास आणि मोबाइल मिळून महिना १५ हजार धरा. बावीस महिन्यांचे झाले तीन लाख तीस हजार. खोलीचं डिपॉझिट वेगळं. ते परत मिळतं, पण जूनमध्ये एकरकमी उभं करावं लागतं.

दुसरा मोठा खर्च लॅपटॉपचा. साठ-सत्तर हजारांत १६ जीबी रॅमचं यंत्र पुरतं. गेमिंगचं महागडं मॉडेल घेण्याचं कारण नाही. मोठी मॉडेलं चालतात ती संस्थेच्या महासंगणकावर. आयआयटीएममध्ये २०२४ पासून ‘अर्क’ आहे, त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. तुमच्या घरच्या लॅपटॉपने त्याच्याशी स्पर्धा करायची नाही.

सॉफ्टवेअरवर तर एक रुपयाही घालू नका. लिनक्स, पायथन, ग्रॅड्स, अगदी डब्ल्यूआरएफसारखं संपूर्ण हवामान-मॉडेलही फुकट उतरवता येतं. १९०१ पासूनचा भारताचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडलेला आहे आणि हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो सगळा विनामूल्य आहे. युरोपचा ‘ईआरए-५’ हा जगभरच्या वातावरणाचा विदासाठाही तसाच. ‘हवामान डेटा सायन्स’च्या नावाखाली पन्नास हजारांचं प्रमाणपत्र विकणाऱ्या क्लासची जाहिरात दिसली, तर याच फुकट गोष्टी वेष्टन घालून दिल्या जातायत ना, ते आधी तपासा. एनपीटीईएलवर याच विषयांची व्याख्यानं मोफत ऐकता येतात, परीक्षा द्यायची असेल तर एका विषयाला हजार रुपयांच्या आसपास पडतात.

पुस्तकांचं म्हणाल तर वॉलेस-हॉब्ज आणि होल्टन ही दोन नावं सगळीकडे ऐकू येतील. दोन्ही महाग, दोन्ही ग्रंथालयात असतात. विकत घ्यायचंच तर नॅशनल बुक ट्रस्टचं पी. के. दास यांचं मॉन्सूनवरचं छोटं पुस्तक घ्या. बारावीच्या मुलालाही झेपेल, आणि विषय आपला आहे की नाही ते त्यात कळेल.

सरकारच्या पैशाने

एम.एस्सी. झाल्यावर, किंवा बी.टेक.नंतर, गेटचा रस्ता आहे. गेटच्या अभियांत्रिकी विज्ञान पेपरात वातावरण व महासागर विज्ञानाचा स्वतंत्र विभागच असतो. भौतिकशास्त्राच्या किंवा गणिताच्या पेपरावरही अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. २०२६ च्या परीक्षेची फी होती दोन हजार. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मी. आयआयटी दिल्ली, आयआयटी खरगपूर, आयआयटी भुवनेश्वर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था या ठिकाणी वातावरण, महासागर किंवा हवामान या विषयांशी जोडलेलं एम.टेक. आहे. १२,४०० रुपये विद्यावेतन चोवीस महिने मिळालं तर ते होतं २,९७,६००. त्यात वसतिगृह आणि मेस भागते, चैन होत नाही. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षेने काही आयआयटी-एनआयटींत एम.एस्सी.ला जाता येतं, पण तिथे हे विद्यावेतन नसतं. कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ आणि हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ ही तीन ठिकाणंही यादीत ठेवा.

पीएच.डी.ला तर शिकणाऱ्यानेच कमवायचं असतं. कनिष्ठ संशोधक फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते, घरभाडं वेगळं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात पहिला हप्ता हाती यायला काही महिने लागू शकतात, म्हणून सहा महिन्यांचा खर्च गाठीला बांधूनच रुजू व्हा.

शेतीची पार्श्वभूमी असलेल्यांसाठी एक वेगळी, स्वस्त आणि दुर्लक्षित वाट आहे. बी.एस्सी. कृषीनंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी हवामानशास्त्र घेता येतं. पीक सल्ला, पीक विमा, जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला या कामांना ही मंडळी लागतात.

परदेश: कधी आणि कुणी

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग १९६५ पासूनचा आणि जगात नावाजलेला. पण परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या अशा अभ्यासक्रमांची वर्षाची फी २५ ते ३० हजार पौंडांच्या घरात पडते. वर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. राहण्याखाण्याला लंडनबाहेर महिना अकराशे पौंडांहून अधिक रक्कम व्हिसासाठी खात्यात दाखवावी लागते आणि ती सलग २८ दिवस तिथे असावी लागते. तीन वर्षांची बी.एस्सी. तिथे केलीत तर हिशेब सव्वा कोटीच्या पुढे जातो. याला मी आतबट्ट्याचा व्यवहार म्हणेन. पन्नास लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी काढलं तर हप्ता बसतो महिना ६६ हजारांच्या आसपास. परत येऊन हवामान विभागात वैज्ञानिक साहाय्यक झालात, तर सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० आहे. तिकडेच नोकरी करू म्हणाल, तर शिक्षणानंतर दोन वर्षं थांबण्याची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येतेय.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरूहसारख्या ठिकाणी, सत्राला १,५०० युरो घेतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड (गोठवलेल्या) खात्यात ठेवावे लागतात आणि भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीच्या एपीएस प्रमाणपत्राचे १८ हजार रुपये भरावे लागतात. बॅचलर्स जर्मन भाषेतच, काही मास्टर्स इंग्रजीत. पैशाच्या दृष्टीने परदेशातला हा सर्वांत शहाणा पर्याय, भाषा शिकायची तयारी असेल तर.

अमेरिकेत ओक्लाहोमा, पेन स्टेट, कोलोराडो स्टेट ही मोठी नावं. तिथे पीएच.डी.ला सहसा फी माफ होते आणि साहाय्यक म्हणून पगार मिळतो; स्वतःच्या खिशातून जायचे ते व्हिसाचे १८५ आणि सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर, अर्ज-परीक्षांचा खर्च आणि विमान. निधीचं लेखी पत्र हाती नसेल तर जाऊ नका. आणि एक गोष्ट एजंट सांगत नाही: तिथल्या सरकारी हवामान सेवेतल्या नोकऱ्या साधारणपणे नागरिकांसाठीच असतात.

शिष्यवृत्तीच्या मागे जाण्यात कमीपणा नाही. अ‍ॅना मणी यांना पुढे भौतिकशास्त्रच शिकायचं होतं, पण १९४५ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजसाठी जी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची होती. त्या गेल्या, १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या आणि देशी उपकरणांचा पाया त्यांनी घातला. आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. इतर प्रवर्गांसाठीही अशा योजना आहेत, महाडीबीटी आणि संबंधित विभागांच्या जाहिराती पाहत राहा. स्वतःच्या पैशाने वर्षाला दहा लाखांवर रक्कम परदेशी पाठवलीत तर बँक टीसीएस, म्हणजे उगमस्थानीच घेतला जाणारा कर, कापते. शैक्षणिक कर्जातून गेली तर कापत नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

गेटचे अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, जॅमचे सप्टेंबरात, आणि दोन्ही परीक्षा फेब्रुवारीत होतात. विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा बहुधा त्यानंतर. फी दरवर्षी बदलते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय पैसे भरू नका. शक्य असेल तर विभागात एकदा जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं का, एवढंच विचारा. आणि दलालामार्फत अर्ज करू नका. वर सांगितलेल्या भारतातल्या एकाही प्रवेशाला दलाल लागत नाही.