भूमध्य समुद्राकांठचीं कासवें

स्पेन, इटली, ग्रीस हे देश आणि समुद्रापलीकडील मोरोक्को व अल्जीरिया येथें जमिनीवर राहणारीं लहान कासवें आढळतात. त्यांपैकीं हरमानचें कासव व ग्रीक कासव या दोन जाती प्रसिद्ध आहेत. त्यांच्या देहाचा सर्व व्यवहार बाहेरील उष्णतेवर चालतो, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्यांचें आरोग्यशास्त्र समजण्यास कठीण नाहीं.

आपलें शरीर अन्नापासून ऊब उत्पन्न करतें. कासव ती सूर्यापासून घेतें. सकाळीं उन्हांत अंग तापल्यावरच तें चरावयास निघतें. ऊब नसेल तर खाल्लेला पाला पचत नाहीं. सूर्यकिरणांच्या साहाय्यानें त्याच्या कातडींत 'ड' जीवनसत्त्व तयार होतें. त्याच्या अभावीं अन्नांतील कॅल्शियम अंगीं लागत नाहीं व कवच मऊ पडतें. फार काय, पिलूं नर व्हावें कीं मादी, हेंही अंड्याला मिळालेल्या उष्णतेनेंच ठरतें. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद पियो यांनीं १९७० नंतर लवकरच ग्रीक कासवाच्या अंड्यांवर प्रयोग करून हें दाखविलें. सुमारें ३१ अंश सेंटिग्रेडच्या खालीं बहुधा नर व त्याहून अधिक उष्णतेंत बहुधा माद्या निपजतात.

हिवाळ्यांत हें कासव जमिनींत शिरून झोपीं जातें. या झोपेस सुमारें ५ अंश उष्णमान मानवतें. १० अंशांच्या वर गेल्यास तें जागें होऊन सांठविलेली चरबी व्यर्थ खर्चितें. पाणी गोठण्याइतकी थंडी पडल्यास डोळे जाऊन तें आंधळें होतें. पोटांत अन्न राहिलें तर तें न पचतां कुजतें. म्हणून पाळणारे लोक निजण्यापूर्वीं कांहीं आठवडे त्यास उपाशी ठेवतात, मात्र पाणी देतात.

हें ज्ञान फार उशिरां आलें. इंग्लंडांत पूर्वीं अशीं लक्षावधी कासवें विकावयास येत आणि पुष्कळशीं पहिल्याच हिवाळ्यांत दगावत. कवच जसेंच्या तसें दिसत असल्यामुळें आंतील कृशता कोणाच्या लक्षांत येत नसे. तेव्हां ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्यांनीं कासवांची लांबी मोजून व वजन करून एक कोष्टक तयार केलें. लांबीच्या मानानें वजन कमी भरल्यास त्या कासवास निजूं न देतां ऊब व अन्न देऊन जपावें, असा त्याचा उपयोग. पुढें १९८४ सालीं युरोपीय समुदायानें या कासवांचा आयात-व्यापार बंद केला.

कासवास श्वासपटल नसल्यानें नीट खोकतां येत नाहीं. फुप्फुसांतील कफ सहज सुटत नाहीं. म्हणून नाक गळूं लागलें कीं वैद्यास दाखवावें. कांहीं कासवें रोगाचे विषाणू बाळगूनही निरोगी दिसतात. याकरितां निरनिराळ्या जाती एकत्र ठेवूं नयेत.

विद्यार्थिमित्रांनो, कासव ओरडत नाहीं, कण्हत नाहीं. अशा मुक्या जीवाचें दुःख कळण्यास नुसती दया पुरत नाहीं. मोजपट्टी, तराजू व उष्णतामापक हींही हातीं घ्यावीं लागतात.