ओली बाळंतीण आणि उसाची मोळी



आपल्या घरी ओल्या बाळंतिणीला आपण सव्वा महिना विश्रांती देतो. आपलाच ऊस तोडणारी बाई मात्र त्या आधीच चाळीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. ती घरी बसली तर अर्धा कोयता बसतो, खाडा पडतो अन् उचल फिटत नाही. गरज तिला जास्त, आणि सोय तिलाच नाही.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. गर्भाशय अन् लघवीची पिशवी तिच्यावर तोललेली असते. बाळंतपणात ही झोळी ताणते. वर लगेच ओझं पडलं की सैलच राहते. मग शिंकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं. बाई हे सासूलाही सांगत नाही.

बीड जिल्ह्यात 2019 साली शासनाच्या समितीने 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सगळ्यांचे कारण हेच होते असे आम्ही म्हणत नाही. पण झोळी सैल पडल्याच्या तक्रारींवर पहिला उपाय बहुधा व्यायाम असतो, शस्त्रक्रिया नव्हे.

हा व्यायाम डॉ. केगल यांनी 1948 मध्ये मांडला. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, ते पाच सेकंद आवळायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही. लघवी करताना हा व्यायाम करू नये. दिसायला सोपा, पण पुष्कळ बाया आवळण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने उलट बिघडते. हे तपासून शिकवणारा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. गरोदरपणातल्या कंबरदुखीवरही जागतिक आरोग्य संघटनेने व्यायाम अन् फिजिओथेरपी सुचवली आहे.

अडचण अशी की हा तज्ज्ञ बहुधा शहरात भेटतो. खुलताबादहून घाट उतरून संभाजीनगरला जायचे म्हणजे मजुरीचा दिवस गेला. त्यातल्या त्यात, 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तेथे डॉक्टरांपुढे ही तक्रार मांडून फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागता येते.

आपल्या फडात टोळी उतरली की मुकादमाला सांगा: गरोदर अन् बाळंत बाईला मोळी वाहायला लावू नका, आणि 9 तारखेचा खाडा धरू नका. गाडी फडाच्या कडेला लागेल एवढी वाट सभासदाने स्वतः करून द्यावी.