क्रूगरला निघालेल्या भाच्याला

अरे, ऑगस्टात क्रूगरला निघालास हे ऐकून फार बरं वाटलं. महिना अगदी योग्य निवडलास. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा हिवाळा. पाऊस नाही, गवत वाळून विरळ झालेलं, आणि जनावरं पाणवठ्यावर येतातच. मावशीच्या चार गोष्टी मात्र गाठीला बांधून ने.

ताडोब्यात जिप्सी असते, गाइड असतो. क्रूगरमध्ये आपली गाडी आपण चालवायची, तीही आपल्यासारखीच डावीकडून. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर आणि कच्च्यावर ४० ही वेगमर्यादा. तू पंचविशीच्या वर जाऊच नकोस. स्कुकुझा ते सातारा अंतर नव्वदेक किलोमीटर, पण त्याला अख्खी सकाळ दे. हो, साताराच! एका हिंदी मोजणीदाराच्या ‘सत्रा’वरून कॅम्पचं ते नाव पडलं, असं तिथे सांगतात.

सकाळी सहाला कॅम्पचं फाटक उघडतं. पहिल्या गाड्यांत राहा. थंडी बोचरी असते, तेव्हा कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा हवाच. संध्याकाळी सहाच्या आत परत ये, उशीर झाला तर दंड भरावा लागतो. मलेरियाच्या गोळ्यांचं इथूनच डॉक्टरांना विचारून जा.

आता खरा मंत्र. सिंह शोधत डोळे शिणवू नकोस, बाकीची जनावरं कुठे बघतायत ते बघ. साताऱ्याजवळच्या एस १०० या कच्च्या रस्त्यावर आम्हाला तीन जिराफ दिसले. तिघांच्या माना एकाच दिशेला, आणि रवंथ थांबलेलं. मी इंजिन बंद करायला लावलं. वीसेक मिनिटं काहीच नाही. मग त्याच पिवळ्या गवतातून एक काळ्या पाठीचा कान हलला, आणि सिंहीण उठून बसली. तेवढ्या वेळात पाच गाड्या आमच्या शेजारून निघून गेल्या होत्या. इम्पालाचं फुरफुरणं, माकडांचा कालवा, झाडावर गोळा झालेली गिधाडं, हे सगळे तुझे वाटाडे. चितळाचा कॉल तुला कळतोच, कान तोच ठेव.

हत्तीशी मात्र अदबीने वाग. डोळ्यामागून मद गळत असेल, मागचे पाय ओले दिसत असतील, तर नर माजावर आहे. गाडी शांतपणे मागे घे. हत्तीण आणि पिल्लाच्या मध्ये कधीही शिरू नकोस. रस्त्यात हत्तीची लीद दिसली तर वळसा घाल, तिच्यात शेणाचे गोळे लोटणारे भुंगे असतात. गाडीतून उतरायचं ते ठरलेल्या जागीच. फोटोसाठी खिडकीबाहेर वाकू नकोस, जनावराला गाडीची सवय आहे, माणसाची नाही.

गेंडा दिसला तर डोळे भरून बघ, पण कुठे दिसला ते फोटोसोबत कुणाला कळवू नकोस. शिंगासाठी त्याची शिकार होते, आणि शिकारीही फोटो बघतात.

एक मुक्काम लोअर साबीला कर. कॅम्पच्या अगदी जवळ सनसेट डॅम आहे. दिवसाचा शेवटचा तास तिथे इंजिन बंद करून बस. पाणघोडे डरकतात, काठावर मगरी पडलेल्या असतात, एखादा इम्पाला पाण्याला तोंड लावण्याआधी चारदा मान वर करतो. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत गाडी चालू करू नकोस.