गिरणगावचा निवारा

मुंबईत कापसाची पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. १८५६ साली ताडदेव येथे तिची चाके फिरू लागली. पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत एकामागून एक धुराडी उभी राहिली. तेथे राबणारे हात मात्र बहुतांशी बाहेरगावचे होते. कोकणातील भातशेतीवर वर्षभराचा चरितार्थ चालत नसे व घाटावर पाऊस दगा देई. म्हणून रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतील तरुण पोटासाठी मुंबईस आले. या कष्टकऱ्यांची वस्ती म्हणजेच गिरणगाव होय.

चाळीतील एक खोली एकेका गावाचे मंडळ भाड्याने घेई. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागी अंग टाकीत. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. भजने, गणेशोत्सव आणि शेजारधर्म यांच्या बळावर परक्या शहरात एक नवे गाव वसले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप फसला, पुष्कळांची नोकरी कायमची गेली. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या. कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीस अधिक मोल आले. धुराड्यांच्या जागी उत्तुंग इमारती व झगमगती बाजारसंकुले उभी राहू लागली. वाढत्या खर्चापुढे हतबल होऊन कित्येक कुटुंबे दूरच्या उपनगरांत गेली, तर कित्येक गावी परतली.

तरीही कामगारांनी धीर सोडला नाही. १९८९ साली दत्ता इस्वलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. उपोषणे, मोर्चे व निवेदने हीच त्यांची शस्त्रे होती. बंद गिरण्या सुरू कराव्यात, ही त्यांची पहिली मागणी. ती आशा मावळत गेली, तसा घराचा प्रश्न पुढे आला.

१९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महानगरपालिकेस मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी व उरलेला मालकास मिळावयाचा होता. २००१ साली ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती मर्यादित झाली व सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. तथापि म्हाडाच्या वाट्यातील जमिनीवर कामगारांना घरे द्यावीत, ही मागणी शासनास मान्य करावी लागली. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्जदार मात्र लाखाहून अधिक होते!

हा विजय अपुरा खरा. परंतु तो लहान नव्हे. जमिनीचे मोल केवळ तिच्या मालकाने वाढविलेले नसते. ज्यांच्या घामाने ती भूमी नावारूपास येते, त्यांचाही तेथील निवाऱ्यावर हक्क असतो, ही गोष्ट गिरणगावाने चिकाटीने सर्वांच्या गळी उतरविली.

स्वाध्याय
१. गिरणगावातील लोक मुंबईस का आले?
२. २००१ च्या बदलाने कामगारांचे कोणते नुकसान झाले?
३. ‘हा विजय अपुरा खरा, परंतु तो लहान नव्हे.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : अंग टाकणे, दगा देणे, गळी उतरविणे.